तात्पर्य कोणी सांगावे?

गोष्ट संपली की फळ्यावर 'तात्पर्य' हा शब्द लिहावयाचा, त्याखाली एक वाक्य द्यावयाचे आणि मुलांनी ते वहीत उतरून पाठ करावयाचे, ही आपल्या शाळांतील जुनी रीत होय. रीत वाईट नाही. परंतु तिने कार्य साधते काय, हा प्रश्न आमच्या शिक्षकबंधुभगिनींनी व पालकांनी एकदा शांतपणे स्वतःस विचारावा, अशी आमची विनंती आहे. कावळा आणि कोल्हा यांची गोष्ट ऐकून 'स्तुतीला भुलू नये' असे मूल बिनचूक लिहिते. मनात मात्र ते कोल्ह्याच्या हुशारीवर खूष असते. फ्रेंच विचारवंत रूसो याने १७६२ साली प्रसिद्ध झालेल्या 'एमिल' या ग्रंथात नेमका हाच आक्षेप घेतला होता. मूल फसलेल्या कावळ्याची बाजू घेत नाही, जिंकलेल्या कोल्ह्याची घेते. म्हणून लहान मुलांस असल्या गोष्टी शिकवूच नयेत, असे त्याचे मत होते.

आक्षेप खरा, पण उपाय आम्हांस पटत नाही. विष्णुशर्म्याने मंदबुद्धी राजपुत्रांस शहाणे केले ते गोष्टींच्याच बळावर, असे पंचतंत्र सांगते. तेच पंचतंत्र अकराव्या शतकात दुर्गसिंहाने कानडीत आणले. येशूसंघीय मिशनऱ्यांनी १५९३ साली जपानातील अमाकुसा येथे इसापच्या गोष्टी जपानी भाषेत छापल्या. मराठीत त्या सरफोजी महाराजांच्या तंजावरात १८०६ साली 'बालबोध मुक्तावली' या नावाने छापून निघाल्या, आणि १८२८ साली मुंबईत सदाशिव काशीनाथ छत्रे यांची 'इसपनीतिकथा' प्रसिद्ध झाली. इतक्या देशांतील शिक्षकांनी जे साधन हाती धरले, ते टाकून देण्यापेक्षा नीट वापरावे, हे बरे.

नीट वापरावयाचे म्हणजे काय? प्रथम हे ध्यानात घ्यावे की, गोष्ट आधीची आणि तात्पर्य मागाहूनचे. इसाप हा गुलाम होता, असे ग्रीक इतिहासकार हिरोडोटस सांगतो. त्याच्या नावावरील गोष्टी पिढ्यानपिढ्या तोंडोतोंडी चालत आल्या; शेवटची उपदेशाची ओळ बहुतेक ठिकाणी पुढील संग्राहकांनी जोडली. मुंगीचेच पाहा. मुंगी आणि नाकतोडा या गोष्टीत ती उद्योगी व दूरदर्शी म्हणून गौरविली जाते. परंतु इसापच्याच दुसऱ्या एका गोष्टीत मुंगी ही पूर्वी एक लोभी शेतकरी होती. तो शेजाऱ्यांचे धान्य चोरी. म्हणून देवराजाने त्याचे रूप पालटले, पण स्वभाव पालटला नाही! एकाच प्राण्याविषयी दोन गोष्टी दोन गोष्टी शिकवितात. तेव्हा एकच वाक्य पाठ करून मूल शहाणे कसे व्हावे?

दूधगंगेच्या काठी, आमच्या सदलग्यातील एका वर्गात, मुंगीची गोष्ट अर्ध्यावर थांबवून आम्ही मुलांस विचारले, "नाकतोडा उपाशीपोटी दाराशी उभा आहे. आता मुंगीने काय करावे?" बहुतेकांनी 'हाकलून द्यावे' असेच म्हटले, पुस्तकात तसेच आहे, हे त्यांस ठाऊक होते. एक मुलगा मात्र म्हणाला, "लग्नात वाजंत्री वाजवितात, त्यांना आपण शिधा देतो. नाकतोड्याने उन्हाळाभर गाणे म्हटले, ते मुंगीने फुकटच ऐकले की!" वर्ग हसला, आणि मग गप्प झाला. गोष्टीचे खरे काम तेथे सुरू झाले.

म्हणून आम्ही चार साध्या कृती सुचवितो. पहिली, गोष्ट शेवटास नेण्याआधी थांबवावी आणि पुढे काय व्हावे ते मुलांकडून काढून घ्यावे. दुसरी, पुठ्ठ्याचे मुखवटे करून गोष्ट वर्गात करून दाखवावी; मात्र लगेच मुखवट्यांची अदलाबदल करावी. जो कोल्हा झाला त्याने कावळा व्हावे, जी मुंगी झाली तिने दाराबाहेर उभे राहावे. फसविण्यातील मौज आणि फसण्यातील दुःख दोन्ही एकाच मुलाच्या वाट्यास आली, म्हणजे रूसोच्या आक्षेपाचे निरसन होते. तिसरी, प्रत्येक बाकावरील मुलांनी मिळून आपले तात्पर्य लिहावे. सर्व तात्पर्ये फळ्यावर मांडून कोणते गोष्टीशी जुळते याची चर्चा करावी. चौथी कृती आपल्या सीमाभागास विशेष शोभणारी आहे. मुलांनी घरच्या आजीकडून एक म्हण आणावी, मराठी वा कानडी. आपण 'कोल्ह्याला द्राक्षे आंबट' म्हणतो, तर कानडी शेजारी हाती न येणारे द्राक्ष आंबट, अशा अर्थाने 'कैगेटुकद द्राक्षि हुळि' म्हणतात. म्हण जुळली की मुलांनी तिची गोष्ट उलगडून सांगावी. भाषा दोन असल्या तरी माणसाची खोड एकच, हे त्यांस आपोआप कळेल.

कोणी म्हणेल, मग शिक्षकाने काहीच सांगू नये काय? मुलाने 'फसवावे' असे तात्पर्य काढले तर तेही चालवून घ्यावे काय? मुळीच नाही. नाथान संदेष्ट्याने दाविद राजास गरिबाच्या एकुलत्या मेंढीची गोष्ट सांगितली. राजा संतापला आणि मेंढी हिरावून घेणाऱ्या श्रीमंतास त्याने स्वतःच दोषी ठरविले. त्यानंतरच, तो दोषी मनुष्य राजा स्वतः होय, असे नाथानाने दाखवून दिले. हा क्रम महत्त्वाचा आहे. आधी ऐकणाऱ्याचा न्याय, मग सांगणाऱ्याचा शब्द. चुकीचा न्याय दिसला तर शिक्षकाने तो अवश्य सुधारावा. पण मुलाने न्याय केलाच नाही, तर सुधारावयाचे तरी काय?

पालकहो, हे काम शाळेवर टाकून मोकळे होऊ नका. ऊसतोडीचा हंगाम लागला म्हणजे परगावच्या टोळ्या आपल्या भागात येतात. त्यांची मुले उसाच्या फडाशेजारी खोपटांत राहतात, आणि कित्येकांची शाळा तेवढे महिने सुटते. अशा एखाद्या संध्याकाळी जेवणे आटोपल्यावर मुंगीची गोष्ट मुलांस सांगा, दाराशी येऊन थांबा आणि काय करावे ते विचारा. ही मुले गाऊन नव्हे, राबणाऱ्या आईबापांबरोबर राहून उपाशी राहतात, हे तुमच्या मुलांच्याच लक्षात येऊ द्या. तात्पर्य सांगण्याची घाई करू नका. दुसऱ्या दिवशी मुलाने आपली जुनी पाटी किंवा पुस्तक खोपटाकडे नेऊ का, असे विचारले, तर ते तात्पर्य वहीत उतरविण्याची गरज उरणार नाही.