‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे नेमके कुठे?

अक्कलकोट भागात शाळू काढणीला आला की शेतकऱ्याचे निम्मे लक्ष आभाळाकडे असते. २०१४ सालच्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट कुणी विसरलेले नाही. सोलापूरसह राज्यातल्या अनेक जिल्ह्यांत ज्वारी आडवी झाली, कडबा काळा पडला, द्राक्षबागा गेल्या.

‘जिल्ह्यात तुरळक ठिकाणी मेघगर्जनेसह पाऊस’ हे वाक्य ऐकून मात्र लोकांचे कान विटले आहेत. आपल्या शिवारात थेंब पडला नाही की हवामान खात्याच्या नावाने शिमगा! वास्तविक त्या शब्दांना माप आहे. ‘तुरळक’ म्हणजे शंभरातल्या जास्तीत जास्त पंचवीस ठिकाणी, ‘काही ठिकाणी’ म्हणजे पन्नासपर्यंत. म्हणजे चारपैकी तीन गावे कोरडी राहिली तरी अंदाज खरा. करमाळा ते अक्कलकोट दीडशे किलोमीटरच्या आसपास. वळवाचा एक ढग मात्र एका बांधावर गारा ओततो आणि पलीकडे धूळही बसत नाही.

याचे कारण असे, की दुपारी चारला कोसळणारा ढग सकाळी जन्मलेलाच नसतो. अंदाज देणाऱ्याला दिसते ती फक्त त्याची तयारी : तापलेली जमीन, समुद्रावरून आलेले बाष्प, वरची थंड हवा. अमेरिकेतही याहून वेगळे नाही. तिथे ओक्लाहोमातल्या नॉर्मन गावातून अख्ख्या देशाचा वादळी धोका रोज पाच पायऱ्यांत नकाशावर मांडतात, टक्केवारीही देतात. पण ती टक्केवारी तुमच्यापासून चाळीस किलोमीटरच्या आत कुठेतरी वादळ होण्याची असते, तुमच्या गट नंबरची नव्हे. आपल्याकडचा पिवळा, नारिंगी किंवा लाल रंगही तसाच, जिल्ह्याचा.

म्हणून सकाळचा रंग पाहून फक्त कामाची आखणी करावी. कापलेली कणसे, कडबा झाकायला ताडपत्री काढून ठेवावी. जीव वाचवायला उपयोगी पडतो तो पुढच्या तीन तासांचा इशारा, आणि पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे ‘दामिनी’ ॲप. आपल्या भोवती वीस ते चाळीस किलोमीटरमध्ये वीज पडते आहे का, हे ते दाखवते. २०२२ या एका वर्षात देशात विजेने २,८८७ माणसे गेली. एवढे बळी त्या साली दुसऱ्या कुठल्याही नैसर्गिक आपत्तीने घेतले नाहीत.

आता खरी अडचण. इशारा तहसीलच्या ग्रुपवर येतो, तिथून गावच्या ग्रुपवर जातो, आणि ज्याच्यासाठी तो आहे तो रानात. फोन घरी चार्जिंगला! मेंढरांमागे फिरणाऱ्याला ग्रुप काय कामाचा? ग्रामपंचायतीचा भोंगा आहे, देवळाचा स्पीकर आहे. सरपंच, तलाठी, पोलीस पाटील यांनी ठरवले तर पाच मिनिटांत दवंडी होते, आणि आपल्या सीमाभागात ती मराठीबरोबर कन्नडमध्येही द्यायला हवी. कलबुर्गी, विजयपूरचे अंदाजही बघत जावेत. ते बंगळूरहून निघतात, आपले मुंबईहून. ढगाला राज्याची हद्द ठाऊक नसते.

गडगडाट कानावर आला म्हणजे तुम्ही विजेच्या टप्प्यात आलात. लिंबाखाली, बाभळीखाली थांबू नये, जनावरेही झाडाला बांधू नयेत. पक्क्या घरात जावे आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नये.

विजेने माणूस दगावल्यास वारसांना शासनाची चार लाखांची मदत आहे. त्यासाठी तहसीलला लगेच कळवावे, पंचनामा आणि शवविच्छेदन करून घ्यावे. दुःखाच्या भरात अंत्यविधी आधी उरकला, तर मृत्यूचे कारण सिद्ध करताना घरच्यांना हेलपाटे पडतात. जनावर दगावले तरी पुरण्याआधी पशुवैद्यकाला दाखवावे.