वर्षाची वही आणि तिची दुसरी प्रत
घरच्या संगणकासाठी किफायतशीर डीव्हीडी रायटर निवडताना

वैनगंगेच्या काठी वसलेल्या भंडारा शहराला पूर नवा नाही. तरीही २०२० च्या ऑगस्टअखेरीस आलेला पूर व्यापारी घरांच्या दीर्घकाळ स्मरणात राहील. मध्य प्रदेशात मुसळधार पाऊस झाला, शिवनी जिल्ह्यातील संजय सरोवराचे पाणी नदीत सोडण्यात आले आणि वैनगंगेने काठ सोडून शहराच्या सखल भागांत प्रवेश केला. अशा प्रसंगी भिजलेल्या मालाची किंमत तरी काढता येते आणि विमा असल्यास दावाही करता येतो. परंतु दाव्यासाठी साठ्याची नोंद दाखवावी लागते. ती नोंद जर टेबलाखाली जमिनीवर ठेवलेल्या संगणकातच असेल, तर माल आणि मालाचा पुरावा एकाच पाण्यात जातो. ग्राहकांकडील उधारी, व्यापाऱ्यांचे देणे आणि कराचे हिशेब हेही त्याच वाटेने जातात.

पूर्वी रोजमेळ आणि खतावणी लाल कापडाच्या वह्यांत असत व त्या माळ्यावर किंवा उंच फडताळात ठेवल्या जात. वह्यांची जागा संगणकाने घेतली, मात्र उंचावर ठेवण्याची सवय त्याच्याबरोबर आली नाही. भंडाऱ्यातील पितळी भांड्यांचे दुकान असो, तुमसरची धानाची आडत असो किंवा पवनीतील किराणा, बहुतेक ठिकाणी वर्षानुवर्षांचा हिशेब एका संगणकात आणि फार तर त्यालाच जोडून ठेवलेल्या एका पेनड्राइव्हमध्ये असतो.

कायद्याची अपेक्षा याहून अधिक आहे. वस्तू व सेवा कर कायद्याच्या कलम ३६ नुसार हिशेबाची कागदपत्रे त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपावी लागतात. २०२४-२५ या वर्षासाठी ती तारीख ३१ डिसेंबर २०२५ धरल्यास जपणुकीची मुदत २०३१ च्या डिसेंबरअखेरपर्यंत जाते, आणि अपील किंवा चौकशी चालू असल्यास त्याहूनही पुढे. याच कायद्याखालील नियम ५७ तर स्पष्टच सांगतो की, संगणकावरील नोंदींचा बॅकअप असा ठेवावा, की अपघाताने किंवा नैसर्गिक कारणाने मूळ नोंद नष्ट झाली तरी ती वाजवी वेळेत पुन्हा उभी करता यावी. पुराची सबब त्यामुळे फार काळ पुरणारी नाही.

या गरजेसाठी डिस्क लिहिणारे यंत्र, म्हणजे आपल्या बाजारातील डीव्हीडी रायटर, अजूनही उपयोगी आहे. पेनड्राइव्ह आणि बाहेरची हार्ड डिस्क रोजच्या प्रतीसाठी उत्तमच. पण त्यांवरील मजकूर पुसता येतो, बदलता येतो आणि चुकून दुसऱ्या फाइलखाली गाडलाही जातो. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ नावाच्या खंडणीखोर व्हायरसने जगभरच्या संगणकांतील फाइली कुलूपबंद केल्या. असा व्हायरस संगणकाला जोडलेला पेनड्राइव्हही सोडत नाही. एकदाच लिहिता येणाऱ्या डिस्कवरील मजकूर मात्र लिहून पूर्ण झाल्यावर ना व्हायरसला बदलता येतो, ना नोकराला, ना मालकाला. शाईने लिहून बंद केलेल्या वहीचा हा गुण डिस्कमध्ये आहे, म्हणूनच वर्षअखेरच्या प्रतीसाठी ती योग्य ठरते.

आता यंत्राची निवड. पहिला प्रश्न जोडणीचा. घरी उभा सीपीयू असेल तर कॅबिनेटच्या पुढच्या बाजूस सव्वापाच इंची खण आहे का, हे पाहावे. अनेक नव्या कॅबिनेटांत तो नसतो. खण असल्यास आत बसणारा रायटर सर्वांत स्वस्त पडतो. तो घेताना आतली केबल पाहून घ्यावी. गेल्या अनेक वर्षांतील संगणकांत अरुंद साटा केबल असते. फार जुन्या संगणकांत रुंद पट्टीसारखी आयडीई केबल सापडते आणि तिला नवा रायटर जोडता येत नाही. खण नसेल, किंवा घरात लॅपटॉप असेल, तर यूएसबीने जोडला जाणारा बाहेरचा पातळ रायटर घ्यावा. तो थोडा महाग असला तरी एकच यंत्र दुकानातील, घरातील आणि मुलांच्या लॅपटॉपला आळीपाळीने चालते, म्हणून व्यापारी कुटुंबाला अखेरीस तोच किफायतशीर पडतो.

बाहेरच्या रायटरची एक नाजूक बाजू विजेची आहे. तो आपली वीज यूएसबीतूनच घेतो आणि लिहिताना त्याला वाचण्यापेक्षा अधिक वीज लागते. यूएसबी २.० च्या एका जोडणीतून ५०० मिलिअँपिअर, तर ३.० च्या जोडणीतून ९०० मिलिअँपिअर वीज मिळते. म्हणून तो हबला किंवा लांब वाढीव केबलला न जोडता थेट संगणकाला जोडावा. जुन्या संगणकासाठी दोन तोंडांची केबल मिळते, ती घ्यावी. अर्धी लिहून बिघडलेल्या डिस्कांचा दोष पुष्कळदा डिस्कचा नसून अपुऱ्या विजेचा असतो.

दुसरा प्रश्न वेगाचा. येथे बरेच पैसे विनाकारण जातात. आत बसणाऱ्या रायटरवर २४ पट वेग छापलेला असतो, तर बाहेरच्या पातळ रायटरवर बहुधा ८ पट. प्रत्यक्षात पूर्ण डीव्हीडी लिहायला पहिल्याला पाचेक मिनिटे आणि दुसऱ्याला आठ-दहा मिनिटे लागतात. वर्षातून दोन-चार डिस्का लिहिणाऱ्या घराने या पाच मिनिटांसाठी जास्त दाम मोजण्याचे कारण नाही. उलट डिस्कवर छापलेल्या कमाल वेगापेक्षा थोडा कमी वेग निवडणे हितावह असते.

तिसरा प्रश्न क्षमतेचा. सीडीत ७०० एमबी मावतात, साध्या डीव्हीडीत ४.७ जीबी, दोन थरांच्या डीव्हीडीत ८.५ जीबी आणि एका थराच्या ब्लू-रे डिस्कमध्ये २५ जीबी. ४.७ जीबीची डिस्क संगणकात ४.३७ जीबी दिसते. तो मोजण्याच्या पद्धतीतील फरक आहे, दुकानदाराची लबाडी नव्हे. मध्यम दुकानाचा वर्षभराचा टॅलीचा बॅकअप, विवरणपत्रे, बँकेची खातेउतारे आणि बिलांच्या पीडीएफ एका साध्या डीव्हीडीत सहसा मावतात. ब्लू-रे रायटरची किंमत साध्या रायटरच्या कित्येक पट असते. लग्नकार्याची चित्रफीत आणि घरातील हजारो छायाचित्रे जपायची असतील तरच त्याचा विचार करावा. तसा विचार करणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावे, की सोनी कंपनीने लिहिता येणाऱ्या ब्लू-रे डिस्कांचे उत्पादन फेब्रुवारी २०२५ मध्ये थांबवले.

डीव्हीडी ‘प्लस आर’ घ्यावी की ‘मायनस आर’, हा जुना वाद आता निकाली निघाला आहे. आजचे रायटर दोन्ही लिहितात व वाचतात. ‘आरडब्ल्यू’ असे लिहिलेली डिस्क मात्र या कामासाठी नको. ती पुसून पुन्हा लिहिता येते, आणि पुसता येणारी वही पुराव्याला कमकुवत ठरते. कोऱ्या डिस्कांत फारच स्वस्त, बिननावाचा माल टाळावा. एके काळी नोएडाच्या मोझर बेअर कंपनीने डिस्कांचे भाव सामान्यांच्या आवाक्यात आणले होते. ती कंपनी २०१८ मध्ये अवसायनात गेली. आता नामांकित कंपनीची डिस्क थोडी शोधावी लागते. भंडाऱ्यात न मिळाल्यास नागपूरच्या सीताबर्डीतून दहा-वीस डिस्कांचा डबा एकदम आणून ठेवावा. एकूण खर्चात काटकसर करायचीच असेल तर ती रायटरच्या वेगात करावी, डिस्कच्या दर्जात नको.

वापरलेला रायटर स्वस्त मिळाला तरी घेऊ नये, कारण त्यातील लेझर वापराने क्षीण होत जातो. नवा घेतानाही एक डिस्क दुकानातच लिहून ती दुसऱ्या संगणकात वाचून पाहावी आणि हमीपत्रासह पक्के बिल घ्यावे.

लिहिण्याची रीतही समजून घेतली पाहिजे. कोरी डिस्क घातल्यावर विंडोज विचारते, की ती पेनड्राइव्हसारखी वापरायची की सीडी-डीव्हीडी प्लेयरसाठी. येथे दुसरा पर्याय निवडावा, म्हणजे डिस्क बंद होऊन कोठेही वाचली जाते. लिहून झाल्यावर पडताळणी केल्याशिवाय काम पूर्ण झाले असे समजू नये. इमगबर्नसारखी मोफत प्रणाली लिहिलेला मजकूर मूळ मजकुराशी ताडून पाहते. टॅलीच्या बॅकअपसोबत रोजमेळ, खतावणी, साठापुस्तक आणि ताळेबंद पीडीएफ स्वरूपातही ठेवावेत, कारण सात वर्षांनी हिशेबाची प्रणाली बदललेली असू शकते.

डिस्कला ऊन आणि उष्णता मानवत नाही. तिच्यातील रंगद्रव्याचा थर प्रकाशाने खराब होतो, म्हणून मे महिन्यात तापणारे पत्र्याचे कपाट किंवा मोटारीतील खण या तिच्या जागा नव्हेत. ती डबीत उभी ठेवावी. तिच्यावर बॉलपेनने लिहू नये. डिस्कसाठीचा मऊ टोकाचा पेन वापरावा. डिस्क किती वर्षे टिकेल याबद्दल कंपन्यांचे दावे मोठे असतात. त्यांवर विसंबण्यापेक्षा दर वर्षी जुन्या डिस्का एकदा उघडून पाहाव्यात आणि पाच वर्षांनी नवी प्रत लिहावी.

सर्वांत महत्त्वाचा भाग मात्र जागेचा आहे. डिस्कच्या दोन प्रती काढून दोन्ही त्याच दुकानात ठेवल्या, तर पुराच्या दृष्टीने ती एकच प्रत होय. बँकांच्या शाखांत संगणक आले तेव्हापासून बॅकअपची एक प्रत दुसऱ्या इमारतीत ठेवण्याची शिस्त पाळली गेली, ती याच कारणाने. भंडाऱ्यातील दुकानाची एक प्रत घरात वरच्या मजल्यावर आणि दुसरी नदीच्या पुरापासून दूर, नागपूरला किंवा गोंदियाला राहणाऱ्या भावाकडे अथवा लेकीकडे असावी. नात्यातल्या माणसाकडेही आपला हिशेब उघडा राहू नये असे वाटणे स्वाभाविक आहे. त्यासाठी फाइलींना पासवर्ड लावावा. पण तो एकाच व्यक्तीच्या स्मरणात ठेवू नये. बंद पाकिटात लिहून तो डिस्कपासून वेगळा, घरातील दोन जाणत्या माणसांना ठाऊक असलेल्या जागी ठेवावा. कर्त्या पुरुषाच्या अकाली निधनानंतर पासवर्डअभावी उधारी वसूल न होणे, हे पुराइतकेच मोठे नुकसान आहे.

हे काम कोणी करायचे, हेही घरात ठरलेले असावे. ३१ मार्चनंतर लेखापरीक्षकाने हिशेब अंतिम केले की सून, मुलगा किंवा कॉलेजात जाणारी मुलगी, ज्याच्यावर जबाबदारी दिली असेल, त्याने दोन डिस्का लिहाव्यात, पडताळाव्यात आणि त्यांवर दुकानाचे नाव, वर्ष व लिहिल्याची तारीख घालावी. दिवाळीच्या वहीपूजनास घरचे एकत्र येतात, तेव्हा त्यातील एक प्रत परगावच्या नातेवाइकाच्या हाती द्यावी आणि गेल्या वर्षीची डिस्क सर्वांसमोर उघडून पाहावी. एका साध्या रायटरवर, मूठभर डिस्कांवर आणि वर्षातील एका दुपारवर होणारा हा खर्च कोणत्याही दुकानाला परवडण्याजोगा आहे.