तळाला भोक नसलेली कुंडी

पावसाळा सरला की आमच्या टपालात एकच तक्रार येते: निवडुंग बुडापासून सडला. यंदाही तेच. सोबतचे फोटो पाहिले तर पांढरी चकचकीत सिरॅमिकची वाटी, वर गोंदाने चिकटवलेले रंगीत खडे, आणि वाटी उलटी केली की सपाट तळ. भोक नाही. वाचक विचारतात, बुरशीनाशक कोणते मारू? कोणतेही मारू नका. दोष विक्रेत्याचा आहे, आणि हे विक्रेते बाहेरचे नाहीत, आपल्याच वर्गणीदारांच्या यादीतले आहेत.

त्यांचे उत्तर ठरलेले: टेबलावर पाणी गळलेले गिऱ्हाइकाला चालत नाही. मग रोप भोकांच्या छोट्या प्लास्टिक कुंडीत लावून ती वाटीत नुसती ठेवा की! तेवढेही कष्ट नकोत. त्यात भरतात निव्वळ कोकोपीट, कारण वाहतुकीला हलके. ते एकदा सुकले की कडेपासून आकसते, पाणी फटीतून थेट खाली उतरते आणि तिथेच राहते. वर कोरडे, खाली चिखल. खडे चिकटवलेले, त्यामुळे गिऱ्हाइकाला बोट खुपसून पाहताही येत नाही. ते बिचारे आणखी पाणी घालते. ड्रॅगन फ्रूटच्या खुंटावरचे रंगीत कलम असेल तर निफाडकडच्या थंडीत खुंटच आधी बसतो.

आता कराची गंमत पाहा. रोपावर जीएसटी नाही. मातीच्या कुंडीवरही नाही. सिरॅमिकवर आहे. दोन्ही एका किमतीत विकले तर ‘कंपोझिट’ धरून मुख्य मालाचा दर लावायचा, की ‘मिक्स्ड’ धरून सर्वांत चढा? साठ रुपयांचा मॅमिलारिया दोनशेच्या वाटीत बसवला तर मुख्य माल कोणता, हे दोन करसल्लागारांना विचारा, दोन उत्तरे मिळतील. नोंदणी असलेल्यांनी बिलात रोप आणि कुंडी वेगळी दाखवावी, नाहीतर कुंभाराची कुंडी वापरावी. वाद मिटला.

कुंभाराला मात्र तळाला एकाऐवजी तीन भोके पाडायला सांगा. आणि भोकावर खापऱ्या, खडी यांचा थर देणे आता तरी सोडा. बारीक मिश्रणातले पाणी त्या थरात सहज उतरत नाही, वरच थबकते. म्हणजे ओलावा मुळांच्या आणखी जवळ येतो. जाळीचा तुकडा पुरतो. क्रशरची कच वापरणाऱ्यांनी ती चाळून, धुऊन घ्यावी. भुकटी राहिली की सिमेंटच झाले म्हणा.

गच्चीवर उघड्या पावसात माती बरी, शेडनेटखाली प्लास्टिक. काळी कुंडी एप्रिलच्या उन्हात ठेवून मुळे शिजवू नका. बोअरच्या जड पाण्याने मातीच्या कुंडीच्या काठावर पांढरा थर चढतो, तो दिसला की कुंडी बदलायची वेळ झाली समजा. लोफोफोरा, एरिओकार्पस यांच्या सोटमुळाला खोल कुंडी हवी. रेब्युटियाला उथळ चालते. घेर रोपापेक्षा बोटभरच जास्त. ‘वाढेल की’ म्हणून आठ इंची कुंडीत दोन इंची रोप लावणारे अजून आहेत.

कुंडीबदल फेब्रुवारी-मार्चमध्ये, वाढ सुरू होताना. आधी काही दिवस पाणी तोडा. वर्तमानपत्राच्या घडीची पट्टी रोपाच्या कमरेला गुंडाळून उचला. मुळांत पांढरा कापूस दिसला तर तो मिलीबग. सगळी माती फेका, मुळे धुवा. सडकी मुळे छाटून रोप तीन-चार दिवस सावलीत उघडे ठेवा, कोरड्या मिश्रणात लावा, आठवडाभर थेंबही नको.

नर्सरीवाल्यांनो, फेब्रुवारीपर्यंत तुमच्याकडचा बिनभोकाचा माल काढून लावा. मार्चच्या अंकापासून अशा कुंड्यांत रोपे विकणाऱ्यांची जाहिरात आम्ही घेणार नाही. आगाऊ पैसे भरलेल्यांना ते परत मिळतील.