काकांच्या फियाटची चाकं

परवा घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर भाच्याने एक फोटो टाकला. काकांची १९७३ची प्रीमियर प्रेसिडेंट (म्हणजे आपली फियाटच हो, पुढे जिला पद्मिनी म्हणायला लागले ती), आणि तिच्या खाली कुठल्याशा सॉफ्टवेअरने चिकटवलेली चकचकीत, रुंद अलॉय व्हील्स. खाली प्रश्न : "कसं दिसेल?" नातेवाईकांनी धडाधड अंगठे दाखवले. माझा अंगठा काही उठेना. माझं उत्तर ग्रुपवर मावणारं नव्हतं, म्हणून इथे लिहितोय. भांडायचं असेल तर खाली कॉमेंटमध्ये भांडा.

उत्तर एका ओळीत सांगायचं तर, वाईट दिसेल. पण दिसण्यावर मी वाद घालत नाही, ज्याची त्याची आवड. माझं म्हणणं वेगळं आहे. चाक हा गाडीचा दागिना नाही, ते गाडीचं माप आहे. ही गाडी १०८९ सीसीच्या इंजिनाची, चाळीसेक हॉर्सपॉवरची. तिला कारखान्यातून १४ इंची लोखंडी रिम आणि ५.२०-१४चा अरुंद टायर मिळाला, तो कंजूषपणा म्हणून नव्हे. पॉवर स्टिअरिंग नसलेली गाडी उभ्या जागी हाताने वळली पाहिजे, मागे चार माणसं कोंबल्यावर टायर मडगार्डला घासता कामा नये, आणि गाडीचं वजन बेअरिंगवर जिथे पडायला हवं तिथेच पडलं पाहिजे, असा तो सगळा हिशेब आहे. रुंद चाक बाहेर काढून बसवलंत की बेअरिंगवर पहारीने जोर दिल्यासारखं होतं. चाकाचा घेर बदलला की स्पीडोमीटरही खोटं बोलायला लागतो.

"अलॉय हलकी असतात मामा!" असतात, कबूल. पण मोठी रिम आणि जाड टायर घेतलास की तो हलकेपणा तिथेच संपतो. शिवाय आपले रस्ते. लोखंडी रिम खड्ड्यात वाकली तर तालुक्याच्या गावचा पंक्चरवालासुद्धा ठोकून तुला घरी पोचवतो. अलॉय तडकली तर गाडी टेम्पोवर चढवायची.

यावर हमखास येणारं उत्तर म्हणजे "चाकंच तर आहेत, वाटलं तर परत जुनी लावू". ह्या एका वाक्यासाठी हा सगळा प्रपंच. हे वाक्य मी स्वतः म्हटलेलं आहे. २००६ साली, आमच्या बाबांच्या पद्मिनीच्या बाबतीत. दुकानदार म्हणाला, जुन्या डिस्क ठेवून जा, बिलातून थोडे कमी करतो. मी ठेवल्या. बाबा काही बोलले नाहीत. नवी चाकं वळणावर घासायला लागली, स्टिअरिंग जड झालं, आणि दोन महिन्यांनी जुन्या रिम परत मागायला गेलो तर त्या किलोच्या भावाने भंगारात गेलेल्या. उरली एकटी स्टेपनी, डिकीत होती म्हणून वाचली. आणि चार व्हीलकॅप. त्या बाबांनी आधीच काढून, धोतराच्या फडक्यात गुंडाळून कपाटात ठेवल्या होत्या. मला न सांगता. त्यांना माहीत होतं मी काय करणार ते.

तेव्हा मुंबईच्या रस्त्यांवर काळ्यापिवळ्या पद्मिनी धावत होत्या, त्यामुळे शोधल्यावर तीन रिम मिळाल्या तरी. (दोन वाकड्या निघाल्या, ते सोडा.) आता ती सोय नाही. पद्मिनीचं उत्पादन थांबून वीसहून अधिक वर्षं झाली. शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी २९ ऑक्टोबर २००३ची. टॅक्सीला मुंबईत वीस वर्षांची मर्यादा, म्हणजे ३० ऑक्टोबर २०२३पासून तीही रस्त्यावरून गेली. आता एक रिम भंगारात गेली म्हणजे एक कायमची कमी झाली.

सरकारने २०२१ साली पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी व्हिंटेज नोंदणीचे नियम केले. त्यात चासी, बॉडी आणि इंजिन यांत फेरफार नको असं म्हटलंय. चाकांचं नाव नाही. म्हणजे काकांच्या गाडीची चाकं वाचवायला कायदा येणार नाही, घरातल्यांनीच वाचवायची.

आता दुसर्‍या बाजूच्या मंडळींनाही दोन शब्द. "सगळं ओरिजिनल" म्हणत पंधरा-वीस वर्षांचे टायर मिरवणारे महाभाग मी पाहिलेत. नक्षी शाबूत आहे म्हणे! अहो, रबर वयाने मरतं, झिजेनेच मरतं असं नाही. टायरच्या कडेला चार आकडी तारीख असते, २३१९ म्हणजे २०१९चा तेविसावा आठवडा. बर्‍याच टायर कंपन्या दहा वर्षं ही शेवटची मर्यादा सांगतात. जपायची ती रिम. टायर आणि ट्यूब ही खायची वस्तू आहे, ती वेळेवर बदलायची. आणि एका अ‍ॅक्सलवर एक रेडियल, एक साधा, असली खिचडी कधीच करायची नाही.

तर भाचेबुवा, अलॉयचे पैसे खिशातच ठेव. रविवारी मी येतो. पाचही चाकं काढू, स्टेपनीसकट. प्रत्येक रिम फिरवून, शेजारी खडू धरून वाकडी आहे का बघू. बोल्टच्या भोकांभोवती तडा दिसला तर ती रिम बाद, तिथे वेल्डिंगचा जुगाड नको. बाकीच्यांना सँडब्लास्टिंग, रेड ऑक्साइड आणि वर पातळ रंग. बोल्ट टेकतात तिथे रंगाचा जाड थर नको, तो दबला की आवळलेलं चाक सैल पडतं. पन्नास-शंभर किलोमीटर चालवून पुन्हा पान्हा लावायचा. पुढे गाडी महिनोन् महिने उभी राहणार असेल तर ठोकळ्यांवर चढवायची, नाहीतर टायर एका जागी चपटे होतात.

सँडब्लास्टिंगचा खर्च माझ्याकडे. वीस वर्षांपूर्वीचं देणं आहे, बाबांना फेडता आलं नाही, काकांना फेडतो.

आणि दुकानदार "जुन्या डिस्क ठेवून जा" म्हणाला, तर मला फोन लाव.