छत्री तीच, पेटी नवी; खर्च कोणाचा?

चाकणभोवतीच्या खराबवाडी, नाणेकरवाडी, महाळुंगे या गावांतील भाड्याच्या खोल्यांवर दूरचित्रवाणीच्या छत्र्या दिसतात. त्यांखाली राहणाऱ्या कामगारांत कंत्राटी कामगारांचा भरणा मोठा. कंत्राट संपले की कारखाना बदलतो, अनेकदा खोलीही. उपग्रह-दूरचित्रवाणीतील तांत्रिक स्थित्यंतराचा विचार या कामगाराच्या बाजूने व्हावयास हवा.

चित्रसंकेत आकुंचित करून पाठविण्याची जुनी पद्धत ‘एमपेग-२’, नवी ‘एमपेग-४’. नव्या पद्धतीत तेवढ्याच दर्जाच्या चित्राला साधारण निम्मी जागा पुरते. म्हणजे उपग्रहाच्या त्याच क्षमतेत जवळजवळ दुप्पट वाहिन्या मावतात. ही प्रगतीच होय, आणि यंत्राला विरोध करणे हे समाजवाद्यांचे काम नव्हे. परंतु जुन्या पेटीला नवा संकेत उलगडत नाही. छत्री तीच, तार तीच; पेटी तेवढी निकामी होते. वाचलेल्या जागेत आणखी वाहिन्या विकून कंपनी कमावते. मग पेटीचा भुर्दंड ग्राहकाने का सोसावा?

सक्तीच्या बदलाचा अनुभव पिंपरी-चिंचवडला आहे. केबलच्या अंकीकरणाच्या दुसऱ्या टप्प्यात या शहराचा समावेश होता व त्याची मुदत ३१ मार्च २०१३ ही होती. पेटी घ्या, नाहीतर पडदा काळा, एवढाच पर्याय सामान्य कुटुंबापुढे उरला.

पेटी सवलतीत देतो, असे कंपन्या म्हणतील. पण त्या सवलतीची वसुली मासिक वर्गणीतून आणि ग्राहकाला जखडून ठेवण्यातून होते. एका कंपनीची पेटी दुसरीकडे चालावी, ही अपेक्षा २००१च्या डीटीएच मार्गदर्शक तत्त्वांतच होती. नियामक प्राधिकरणाने (ट्राय) एप्रिल २०२०मध्ये पुन्हा तशी शिफारस केली. तरीही व्यवहारात कंपनी बदलली की पेटी बदलावी लागते. मोबाइलचा क्रमांक मात्र २०११पासून देशभर कंपनी बदलूनही कायम राखता येतो. तेव्हा अडचण तंत्राची कमी, इच्छाशक्तीची अधिक.

याच देशात १९७५-७६ साली ‘साइट’ प्रयोगात उपग्रहाद्वारे सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत सामुदायिक संच चालविले गेले. त्या वेळी यंत्राचा खर्च खेडुताच्या माथी मारला गेला नव्हता. दूरदर्शनच्या ‘फ्री डिश’ला मासिक वर्गणी नाही, हा त्या परंपरेचा उरलेला धागा होय, तो जपला पाहिजे.

म्हणून मागण्या तीनच : पद्धत कंपनीने बदलल्यास पेटी विनामूल्य बदलून मिळावी, कोणतीही पेटी कोणत्याही कंपनीकडे चालावी, आणि जुन्या पेट्या परत घेऊन त्यांची विल्हेवाट लावण्याची जबाबदारी कंपनीवर असावी. वेतन व कायम नोकरीच्या लढ्यापुढे हा प्रश्न किरकोळ वाटेल. परंतु दारात मिळालेली वेतनवाढ घरात अशाच किरकोळ वाटांनी गळत असते. कार्यकर्त्यांनी वस्तीच्या बैठकीत तो घ्यावा.