सोलरचा माल विकताय? आधी कॉलेजची लॅब गाठा!



मागच्या व्हिडिओखाली बऱ्याच दुकानदारांनी एकच विचारलं, "दादा, सोलरचा माल ठेवू का? मार्जिन चांगलं आहे." माझं उत्तर सरळ आहे. ठेवा, पण आधी तपासून घ्या. आणि तपासायला जवळचं इंजिनिअरिंग कॉलेज वापरा.

हे मी नुकसान सोसून शिकलोय. दोन वर्षांपूर्वी एका होलसेलरकडून सोलर दिव्यांचा लॉट उचलला. बॉक्सवर लिहिलेलं, "रात्रभर उजेड". आमच्याच गावच्या एका काकांनी गोठ्यासाठी दोन नेले. पंधरा दिवसांत परत आले. नऊ वाजताच दिवा बंद. काका ओरडले नाहीत. काउंटरवर दिवे ठेवून एवढंच म्हणाले, "बॉक्स बघून नव्हते घेतले रे, तुझ्या शब्दावर घेतले होते."

त्या रात्री झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी एक दिवा घेऊन भाच्याच्या कॉलेजात गेलो. तिथल्या सरांनी बॅटरी पूर्ण चार्ज केली, ठरावीक लोडवर रिकामी केली आणि वेळ मोजला. लिहिलं होतं 20 अँपिअर-अवर, निघाली 8! सगळे दिवे परत घेतले, पैसे दिले. सीझनचा नफा गेला. बीबीएला आम्हाला ब्रँडिंग शिकवलं, पण विकायच्या आधी एक नग फोडून बघा, हे कुणी शिकवलं नाही.

आता पॅनेलचं बघा. 2024 मध्ये पीएम सूर्यघर योजना आली, 3 किलोवॅटला 78,000 रुपये अनुदान. त्यामुळे गिऱ्हाईक स्वतःहून चौकशी करतंय. पॅनेलवर 540 वॅट लिहिलेलं असतं, पण तो आकडा लॅबमधला. दर चौरस मीटरला 1000 वॅट ऊन आणि सेलचं तापमान 25 अंश. मे महिन्यात जळगावच्या छतावर सेल 65 अंशांपर्यंत तापू शकतो. दर अंशाला 0.35 टक्के घट धरली, तर 40 अंशांना 14 टक्के गेले. 540 चे राहिले साधारण 464. यात कंपनीची चूक नाही. पण तुम्ही हे आधी सांगितलं नाही, तर गिऱ्हाइकाला ती फसवणूकच वाटणार.

आयआयटी मुंबईच्या एनसीपीआरई या केंद्राने देशभर फिरून बसवलेली पॅनेल तपासली. त्यात दिसलं, की उष्ण भागात पॅनेल लवकर उतरतात. मोठ्या प्रकल्पांपेक्षा छोट्या, छतावरच्या पॅनेलची अवस्था जास्त वाईट. कारणं? मालाचा दर्जा आणि बसवतानाची हयगय. म्हणजे नेमकं आपलं गिऱ्हाईक, आपलं काम!

पुणे विद्यापीठाच्या ऊर्जा अभ्यास विभागात सोलर वॉटर हीटर, सोलर कुकर यांच्या चाचण्या वर्षानुवर्षं झाल्या आहेत. मग तालुक्याच्या कॉलेजांनी निदान साधी तपासणी का करू नये? शेवटच्या वर्षाची मुलं प्रोजेक्ट करतात, मार्क मिळतात, मॉडेल कपाटात जातं. त्याऐवजी बाजारातले पाच दिवे तपासले, तर मुलांना खरं काम मिळेल आणि आपल्याला खरा आकडा.

काही जण म्हणतील, कॉलेजच्या कागदाला किंमत काय? बरोबर आहे. ते बीआयएसचं प्रमाणपत्र नव्हे, जाहिरातीत वापरू नका. पण माल उचलायचा की नाही, हे ठरवायला तो पुरेसा आहे.

तर या आठवड्याचा होमवर्क:

1. होलसेलरकडे त्याच मॉडेलचा टेस्ट रिपोर्ट मागा. "पाठवतो, पाठवतो" म्हणत राहिला, तर समजून जा.
2. लॉट उचलण्याआधी एक नग विकत घ्या आणि कॉलेजात द्या. मुलांच्या खर्चाचे पैसे देताना घासाघीस करू नका.
3. जो आकडा निघेल, तोच गिऱ्हाइकाला सांगा.

ते काका आजही दुकानात येतात. पण सोलरचं काही दाखवलं, की आधी विचारतात, "तपासलंय का?" तुमच्या गिऱ्हाइकाने विचारायच्या आधी तुम्हीच तपासा.

भेटू पुढच्या व्हिडिओत!