मोटारीचा इतिहास कोण लिहिणार?

आपल्या इतिहासाच्या पुस्तकांत घोडदळ आहे, हत्ती आहेत, तोफा ओढणारे बैलही आहेत. मोटार मात्र शोधूनही सापडत नाही. मलिक अंबरने १६१२ मध्ये भडकल दरवाजा उभारला, हे आपण परीक्षेत लिहितो. पण महमूद दरवाजाच्या, मकई दरवाजाच्या कमानींतून ज्या मोटारी वर्षानुवर्षे अंग चोरून गेल्या, त्या या शहरात कोणी आणल्या, कोणी दुरुस्त केल्या, हे सांगणारे पान कोठे आहे?

आमच्या वस्तीत एक सेवानिवृत्त गृहस्थ आहेत. मोटारींचा त्यांना भारी नाद. जुनी फियाट त्यांनी अजून जपली आहे. बॉनेट उघडून बोलू लागले की कार्बोरेटरवरून निजामावर, निजामावरून उर्दूवर आणि तेथून सकाळच्या वर्तमानपत्रावर केव्हा येतात ते कळत नाही. आमच्या वयाची मुले हसतात. मला मात्र त्या बोलण्यात वर्गात न मिळणारे काहीतरी मिळते.

एसटीचेच घ्या. पहिली एसटी १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर धावली, हे सर्वांना पाठ असते. परंतु त्या दिवशी आपला जिल्हा निजामाच्या राज्यात होता. मराठवाडा मुक्त झाला तो त्याच वर्षी १७ सप्टेंबरला. आणि त्या राज्याने १९३२ सालीच रेल्वे खात्याला जोडून २७ गाड्यांनिशी सरकारी मोटारसेवा सुरू केली होती. निजामाचे गोडवे गाण्याचा माझा मुळीच हेतू नाही. रझाकारांचे दिवस माझ्या पणजीने सोसले आहेत. तरीही आपल्या भागाची पत्रिका पुण्याच्या पंचांगावरून का मांडावी?

भाषेचेही तसेच. एसटीमुळे चालक, वाहक, आगार हे शब्द घरोघरी गेले आणि छान रुळले. पण मोटारीची मराठी तेवढीच नाही. माझे वडील गॅरेजात फिटर आहेत. शाळा सातवीनंतर सुटली. त्यांच्या तोंडी गाडी ‘ऑइल खाते’, चढावर ‘दम तोडते’, ‘पिकअप घेत नाही’, आणि मग इंजिन ‘उतरवावे’ लागते. पान्याशेजारी फारसी वळणाचा पेचकस बिनतक्रार नांदतो. वंगण तर बैलगाडीतून उतरले आणि सरळ मोटारीत जाऊन बसले! बैलगाडीच्या इतर शब्दांना मात्र हे भाग्य लाभले नाही. आरे, धाव, आस हे शब्द माझ्या आजोबांबरोबर आमच्या घरातून गेले. कोणी विचारलेच नाही. आपण मराठी घेऊन बी. ए. करणारे, आपणही नाही.

आज आपले शहर मोटारींचे म्हणून ओळखले जाते. वाळूजला १९८५ मध्ये बजाजचा कारखाना आला, २००१ मध्ये शेंद्र्याला स्कोडा आली. २०१० साली येथील मंडळींनी एकदम १५० मर्सिडीज घेतल्या तेव्हा देशभर गवगवा झाला. २०२४ मध्ये टोयोटा किर्लोस्करने बिडकीनच्या प्रकल्पासाठी शासनाशी करार केला. (मधल्या काळात, २०२३ मध्ये, शहराचे नावही बदलले; गाडीच्या पाटीवरचे एमएच २० तेवढे तसेच राहिले.) कारखाने आल्याचा आनंद मलाही आहे. परंतु करार झाला की बातमी येते, गॅरेजाची बातमी कधी येत नाही. विजेच्या मोटारीला सायलेन्सर नाही, स्पार्क प्लग नाही, इंजिनाचे ऑइलही नाही. ज्या हातांनी आयुष्यभर हीच कामे केली, त्या हातांचे पुढे काय, हा प्रश्न आमच्या घरी रोज जेवताना निघतो.

म्हणून इतिहास आणि मराठी या विभागांतील प्राध्यापकांना मला नम्रपणे सुचवावेसे वाटते. आमचे प्रकल्प आम्ही इंटरनेटवरून उतरवून देतो, हे आपणही जाणता. त्याऐवजी आम्हांला सेवानिवृत्त चालकांकडे, फिटरांकडे, आमच्या वस्तीतल्यासारख्या शौकिनांकडे वही घेऊन पाठवावे. कोणती गाडी कोणत्या साली आली, कोठे बंद पडली, कशाला काय म्हणत, एवढेच विचारायचे. ‘गॅरेजातले शब्द’ म्हणून चार पाने पुढील अंकात द्यायला हरकत नसावी.

ही कल्पना मी वडिलांना सांगितली. “अगं, ह्याच्यात लिहिण्यासारखं काय हाय?” ते म्हणाले, आणि मग अर्धा तास गिअरबॉक्सवर बोलत बसले.